कातळोशीचा लखू पायाळू

किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते मला विचारू नका. गावावरच्या कातळाच्या सड्यावरचा तो थोरला वड तेव्हा गुरं हाकायच्या काठीएवढा होता, एवढंच मला सांगितलं गेलंय. ज्यांनी मला सांगितलं त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा मध्येच 'खरं का' म्हणून विचारायचं नाही. आणि पाय हलवू नका. ही गोष्ट ऐकताना कुणी पाय हलवलेले मला खपत नाहीत, का ते पुढे कळेल.

आमच्या कातळोशीत बायजा नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेलेला. पोटात होतं ते मूल जन्माला आलं ते पायाकडून. आधी पाय बाहेर आले, मग बाकीचा मुलगा. अशा मुलाला पायाळू म्हणतात. सुईण म्हणाली, "बायजे, ह्याच्या पायांना लय घाई हाय गं. संभाळ." नाव ठेवलं लखमा, पण हाक मारायला लखू. पाळण्यात त्याचे पाय असे चालायचे की पाळण्याला दोरी लावायची गरजच पडली नाही, असं म्हणतात. तो रांगला नाही. एकदम उभा राहिला, आणि उभा राहिला तो नाचलाच.

पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की पाठीत भरलेली उसण जाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे लखू सहा वर्षांचा झाला तेव्हापासून बायजाच्या अंगणात रोज सकाळी गावातले म्हातारे रांगेने पालथे पडलेले असायचे. पोरगं एकेकाच्या पाठीवरून जायचं, पण नुसतं जाईल तर शपथ. ताल धरून जायचं. एक म्हातारा तर उसण जाऊन वर तालही घेऊन उठला आणि विहिरीपर्यंत नाचत गेला, असं म्हणतात. त्याची बायको तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आता खेळ्यांचं सांगतो. शिमग्यात आमच्याकडे खेळे निघतात. दिवसा, उन्हात, दारोदार. मृदंग असतो, टाळ असतात, गाणारे असतात आणि सगळ्यांच्या पुढे संकासूर असतो. डोक्यापासून पायापर्यंत काळा अंगरखा, वर उंच टोपी, अंबाडीची पांढरी दाढी, डोळ्यांपुरती दोन भोकं आणि कमरेला चाळीस घंट्या. एकदा तो अंगरखा चढला की आत कोण आहे हे कुणी ओळखायचं नाही. ओळखलं तरी बोलायचं नाही. संकासुराची स्वतःची आईसुद्धा त्याला परक्या माणसासारखं तांब्यातून पाणी देते.

एवढी लपवालपवी कशाला? तर आमच्या गावात 'सांगणं' आहे. संकासूर अंगणात नाचला की उंबऱ्याशी येऊन वाकतो, आणि त्या घरातलं एक माणूस, बाई असो की बाप्या, त्याच्या कानात वर्षभर पोटात ठेवलेलं काहीतरी सांगतं. नवऱ्याला सांगता येत नाही ते. सासूला सांगता येत नाही ते. कधीकधी देवालाही सांगायची चोरी असते ते. संकासूर ऐकतो. तेवढा वेळ त्या चाळीस घंट्यांपैकी एकही वाजता कामा नये, कारण वाजली की सांगणाऱ्याला आत माणूस आहे याची आठवण होते आणि तो गप्प होतो. सगळी घरं झाली की संकासूर अंगरख्यासकट खाडीत तीन बुड्या मारतो आणि गावाचं सांगणं ओहोटीबरोबर दर्यात जातं. मग गाव वर्षभर बरं राहतं.

तेव्हाचा संकासूर राघोजी. वीस वर्षं तोच. म्हणजे मी आज सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं, तेव्हा गावात कुणी तसं बोलत नसे. राघोजी काही फार मोठा नाचणारा नव्हता. चार पावलं पुढे, तीन मागे, एक गिरकी, झालं. पण वाकला की दगडासारखा वाकायचा.

लखू पंधरा वर्षांचा झाला आणि राघोजीच्या मागे लागला. मला शिकवा. राघोजीने त्याला देवळामागच्या आवारात नाचायला सांगितलं. लखू नाचला. असा नाचला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उठली ती संध्याकाळपर्यंत खाली बसली नाहीत. राघोजी म्हणाला, "झकास. आता हुबा ऱ्हा."

लखू उभा राहिला. दहा श्वास झाले नाहीत तोवर त्याचा अंगठा माती उकरायला लागला.

"नाच तुजा माज्यापेक्षा बरा हाय," राघोजी म्हणाला. "पन तू आत हायेस ते भायेर दिसतंय. म्होरल्या साली बघू."

असं तीन वर्षं चाललं. लखूच्या जिवाला चैन नाही. शेतात चिखल करताना नाचायचा, जेवताना पाटावर पाय वाजायचे, झोपेत भिंतीला लाथा बसायच्या. बायजाने हात टेकले. ती म्हणायची, "लखू, मेल्या, घडीभर तरी पाय घरात ठेव." तो हसायचा आणि निघून जायचा. त्याला दुसरं काही नकोच होतं हो. त्या अंगरख्यात शिरायचं, गावासमोर नाचायचं, बस्स.

चौथ्या वर्षी राघोजीचा गुडघा गेला आणि शिमगा आठ दिवसांवर आला. दुसरा कुणी तयार नव्हता. राघोजीने लखूला देवळात नेलं आणि अंगरखा त्याच्या हातात दिला.

त्या वर्षी कातळोशीने जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. संकासूर जमिनीवर कमी आणि वर जास्त होता, असं म्हणतात. अंगणातलं शेण-सारवण उखडलं. वाकताना मात्र लखू जीव मुठीत धरून वाकला, दात आवळून, आणि कशीबशी एकही घंटी वाजली नाही. सगळ्यांची सांगणी झाली. तीन बुड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी लखू मुद्दाम विहिरीवर जाऊन बसला. बायका बोलत होत्या, "यंदा संकासूर काय नाचला गं बाय!" लखूची छाती फुगली. तेवढ्यात एक म्हणाली, "राघोजीचा गुडघा एकदम बरा झालाय वाटतं." आणि संध्याकाळी चार म्हातारे राघोजीकडे गेले, गुडघ्याला कुठलं तेल लावलंस म्हणून विचारायला. राघोजी हसू दाबून म्हणाला, "करंजाचं." त्या वर्षी गावात करंजाचं बी उरलं नाही.

तुम्ही हसताय. लखूला हसू आलं नाही. सगळं गाव त्याच्या नाचाबद्दल बोलत होतं आणि त्याला 'तो मी' म्हणता येत नव्हतं. वर्षभर ते त्याच्या पोटात राहिलं. संकासुराच्या कानात गावाने आपापलं सांगितलं होतं. संकासुराने कुणाच्या कानात सांगायचं? मला त्याची दया येते, खरंच सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते.

मग पुढच्या शिमग्याला त्याने ते केलं. त्याच्या घरचा ढवळ्या बैल पावसाळ्यात गेला होता. त्या बैलाच्या गळ्यातली घंटा जराशी फुटकी होती आणि तिचा आवाज साऱ्या गावाच्या कानात बसलेला. ती वाजली की लोक म्हणायचे, लखू आला. लखूने ती घंटा कमरेच्या चाळीस घंट्यांत एक्केचाळिसावी म्हणून बांधली. बोलायचं नाही असा नेम होता, तर तो कुठे बोलत होता!

पहिल्याच अंगणात ती घंटा वाजली. पोरं ओरडली, "लखू! आरं, लखू हाय!" मोठ्यांनी त्यांना दटावलं, पण नाव एकदा हवेत गेलं ते गेलं. दर घरी तेच. गर्दी दुप्पट झाली. शेजारच्या वाडीतून माणसं पळत आली. लखू बेभान नाचला. उंबऱ्याशी वाकला की लोक कौतुकाने बघत, मान हलवत आणि म्हणत, "आमचं काय नाय बाबा सांगायचं. सगळं बरं हाय." लखूच्या ते लक्षातही आलं नाही. त्याच्या कानात आपलंच नाव वाजत होतं.

शेवटचं घर शेवंतीचं. खाडीकाठचं. शेवंतीचा नवरा त्या साली होडीवरून पडून बुडाला होता, आणि त्या दिवसापासून शेवंती एक अक्षर बोलली नव्हती. हं नाही, चूं नाही. तिची दीड वर्षांची पोर होती. आई बोलत नाही म्हणून तीही बोलायला शिकली नव्हती. लोक म्हणत, शिमग्याला सांगेल, तेवढ्यासाठी थांबलीये. आणि खरंच, संकासूर अंगणात आला तशी शेवंती उंबऱ्यापर्यंत आली. पोरीला कडेवरून खाली ठेवलं. वाकलेल्या संकासुराच्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलले. साऱ्या अंगणाने श्वास धरला.

तेवढ्यात लखूचा पाय हलला. फुटकी घंटा वाजली. शेवंतीने त्या दोन भोकांत पाहिलं. आत शेजारचा लखू होता, ज्याच्याबरोबर ती लहानपणी करवंदं काढायला गेली होती. तिने तोंड मिटलं, पोर उचलली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी खाडीत तीन बुड्या मारल्या, पण दर्यात जायला काही नव्हतंच. सगळं सांगणं घराघरांत तसंच राहिलं. आठ दिवसांत गावाचं बिनसलं. शिंक्यावरची मडकी वारा नसताना हलायला लागली, रिकामे पाळणे आपोआप झुलायला लागले, विहिरीचं पाणी दिवसभर थरथरायचं, असं म्हणतात. भाऊ भावावर धावून गेला. सुनांनी चुली वेगळ्या केल्या. कुणाला धड झोप येईना. आणि लखूचे पाय थांबेनात. आधी ते त्याच्या मनाने नाचायचे. आता तो नको म्हणत होता तरी नाचत होते. ताटावर बसवेना, आईसमोर उभं राहवेना. तो सड्यावर पळाला. तिथे कातळावर तो नाचत राहिला आणि जिथे जिथे पाय पडले तिथे तिथे कातळ झिजून खळगे पडले. ते खळगे आजही आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साठतं आणि बेडूक राहतात.

राघोजी लंगडत लंगडत सड्यावर गेला. लखू नाचता नाचता रडत होता. म्हणाला, "बाबा, माजे पाय तोडा."

"पाय तोडून शेवंती बोलनार हाय का?" राघोजी म्हणाला. "सांगनं परत घ्यावं लागंल. तुलाच. आनि तू हायेस ते कुनाला कळता कामा नये."

"माजी पावलं आता गाव वळकतंय. घंटा काडली तरी वळकंल."

"मग तुजी पावलं टाकून दे," राघोजी म्हणाला.

एवढं ऐकल्यावर, असं म्हणतात, लखू खाली बसला. पाय बसल्या बसल्याही हलत होते. आपली पावलं टाकून द्यायची! त्याच्याजवळ दुसरं होतं काय? शेत दोन चिमट्यांचं, बैल मेलेला. ती पावलं तेवढी त्याची होती.

दुसऱ्या दिवसापासून लखू गावात दिसला नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं पळाला. बायजा रोज संध्याकाळी पाण्याची घागर भरून ओट्याच्या पायरीशी ठेवायची, पाय धुवायला. सकाळी तीच घागर झाडाला ओतायची.

लखू खाडीपलीकडच्या खाजणात होता. तिथे गुडघाभर चिखलात तो बगळ्यांशेजारी उभा राहिला. बगळा कसा उभा राहतो तुम्ही पाहिलंय ना? तसं उभं राहायला तो शिकत होता. पहिले कितीतरी दिवस बगळे त्याला पाहून उडून जायचे. मग एक थांबला. मग चार थांबले. भरती येऊन गळ्यापर्यंत पाणी चढायचं, उतरायचं, खेकडे अंगावर चढायचे, आणि सहा महिन्यांनी एक बगळा त्याच्या डोक्यावर येऊन बसला आणि तिथेच झोपला, असं म्हणतात. राघोजी मासळीला जातो असं सांगून होडीतून भाकरी न्यायचा. जाईल तेव्हा लखूला आपला नाच शिकवायचा. चार पावलं पुढे, तीन मागे, एक गिरकी. लखूचं अंग पाचव्या पावलाला आपोआप उसळायचं. राघोजी म्हणायचा, "चार." पुन्हा उसळायचं. "चार रं बाला, चार."

शिमगा आला. यंदा संकासूर निघतो की नाही याचीच चर्चा. राघोजी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर देवळाच्या पायरीवर गुडघ्याला तेल लावत बसला होता. मृदंग वाजला आणि देवळातून संकासूर बाहेर आला. लोक पुढे सरसावले. चार पावलं पुढे, तीन मागे, एक गिरकी. पोरं हिरमुसली. एक म्हातारा म्हणाला, "ह्यो कोन नवशिका धरून आनलाय? लखू असता तर आंगन उखडलं असतं." संकासुराने ते ऐकलं आणि पुन्हा चार पावलं टाकली.

उंबऱ्याशी तो वाकला. चाळीस घंट्या गप्प. पहिल्या घरच्या म्हातारीने इकडे तिकडे पाहिलं, आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं त्याच्या कानात ओतलं. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी. मडकी एकेक करून थांबायला लागली.

शेवटून दुसरं घर बायजाचं. संकासूर नाचला. बायजाने रिवाजाप्रमाणे परक्याला द्यावं तसं पाणी दिलं. तो वाकला. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. ती काय बोलली ते गावाला ठाऊक आहे, कारण पुढे म्हातारपणी तिनेच ते सांगितलं. ती म्हणाली, "देवा, माजा लखू कुटं दिसला तर त्याला सांग. म्हनावं, आवशीला राग न्हाय. घागर भरून ठेवलीय, पाय धू आनि घरात ये."

एक घंटी हलली नाही. अंगरखा हलला नाही. दाढीखालून एक थेंब तिच्या हातावर पडला, तो घामाचा असेल, ऊन कडक होतं. बायजाने तो पदराला पुसला आणि तांब्या घेऊन आत गेली. आत कोण आहे ते तिला त्याच क्षणी समजलं होतं. राघोजी वाकायचा तो सहज, दगडासारखा. एवढ्या हट्टाने निश्चल राहावं लागेल असा तिला एकच माहीत होता, जो आयुष्यात कधी निश्चल राहिला नव्हता. पण तिने नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर पुढच्या घरी शेवंती उभी होती.

शेवंती उंबऱ्यात आली. पोरीला खाली ठेवलं. बराच वेळ त्या दोन भोकांत पाहत राहिली. आत कुणी नव्हतं. मग तिने तोंड कानाशी नेलं आणि बोलायला लागली. उन्हं कलली तरी ती बोलत होती. मृदंगवाल्याच्या मांडीला मुंग्या आल्या, टाळकरी भिंतीला टेकले, एक कावळा संकासुराच्या पाठीवर येऊन बसला, पण संकासूर हलला नाही. ती काय बोलली ते कुणालाच ठाऊक नाही आणि ते कुणी विचारूही नये. बोलून झाल्यावर तिने घसा खाकरला, मागे वळली आणि पोरीला हाक मारली, "चिंगे, ये बाय." ते ऐकायला सगळी वाडी अंगणाबाहेर उभी होती. पोरीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये." तो तिचा पहिला शब्द.

संकासूर खाडीवर गेला. एक बुडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या बुडीनंतर अंगरखा तेवढा वर आला. टोपी आणि दाढी त्याच्याबरोबर तरंगत होती आणि आत कुणी नव्हतं, असं म्हणतात. राघोजीने अंगरखा ओढून काढला तर कमरेला चाळीस घंट्या होत्या आणि एक्केचाळिसावी ढवळ्याची, फुटकी. तिचा लोलक काढून टाकलेला होता. दिवसभर ती कमरेला होती आणि वाजली नव्हती.

दर्यात गेला म्हणतात, बगळा झाला म्हणतात. बायजाला विचारलं तर ती म्हणायची की त्या संध्याकाळी तिची पायरीवरची घागर रिकामी होती आणि पायरी ओली. एवढंच ती सांगायची.

तेव्हापासून कातळोशीत संकासूर निघतो तो एक्केचाळीस घंट्या बांधून, आणि त्यातली एक बिनलोलकाची. ज्या पोराला नाचायचं असेल त्याला आधी एक पावसाळाभर रोज खाजणात उभं करतात. किती जण पळून जातात! ज्याच्याजवळून बगळा उडत नाही त्यालाच अंगरखा. तिसरी बुडी झाली की तो पोरगा ओलेत्याने बायजाचं घर होतं त्या पायरीवर जातो. तिथे गावाने घागर भरून ठेवलेली असते. तो पाय धुतो आणि मगच आपल्या घरी जातो, मागच्या दाराने.

आणि शिमग्याला पाहुणे येतात, मुंबईची, पुण्याची माणसं येतात, नाच बघतात आणि विचारतात, "वा, कोण आहे हो आत?" तेव्हा आमच्या गावचं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, "लखू." दर वर्षी मुलगा वेगळा असतो. दर वर्षी उत्तर तेच. ज्या नावासाठी त्याने बैलाची घंटा बांधली ते नाव आता दर शिमग्याला घरोघर घेतलं जातं, आणि ते घेतात तेव्हा आतला मुलगा वाकून गप्प उभा असतो.

तुम्ही मघापासून माझ्या पायांकडे बघताय. हो, एक जागी ठेवलेत, हलत नाहीत. 'म्हणजे, आजोबा, तुम्हीही कधी त्या अंगरख्यात होतात का?' असंच विचारायचंय ना?

छे. लखू होता.